मोटोरोला एक्सआयआर पी८६६८आय: आगीच्या कामासाठी घेताय, तर आधी चॅनेल ठरवा

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्यातला कारखाना असो, वर्धा रोडवरचं हॉस्पिटल असो की मिहानमधलं गोदाम, स्वतःची फायर टीम असलेल्या जागी जुने अ‍ॅनालॉग वॉकीटॉकी बदलायचे ठरले की कोटेशनमध्ये हा सेट बहुधा असतोच. हे परीक्षण त्याच्या व्हीएचएफ मॉडेलचं आहे आणि फक्त आगीच्या कामापुरतं आहे. सिक्युरिटी, पार्किंग, हाउसकीपिंग यांचं काम याहून स्वस्त सेटवर निभतं. त्यांच्यासाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

निकाल आधीच सांगतो. सेट दणकट आहे, आवाज मोठा आणि स्पष्ट आहे, घ्यायला हरकत नाही. पण सगळे चॅनेल डिजिटल आणि सगळे रिपीटरवरून (सिग्नल घेऊन पुढे सोडणाऱ्या मधल्या यंत्रावरून), असं प्रोग्रामिंग करून कोणी देत असेल तर ते आगीच्या कामासाठी स्वीकारू नका. धुरात शिरलेल्या माणसाचं बोलणं त्याच्या बाहेरच्या जोडीदारापर्यंत थेट, मध्ये कुठलंही यंत्र न येता पोचलं पाहिजे. हा सेट ते करू शकतो. तसं त्याला सांगावं मात्र लागतं.

सेट काय आहे

व्हीएचएफ मॉडेल १३६ ते १७४ मेगाहर्ट्‌झवर चालतं, ताकद ५ वॅट. यूएचएफ मॉडेल ४ वॅटचं आहे. रंगीत डिस्प्ले, पूर्ण कीपॅड, जीपीएस, वर नारिंगी इमर्जन्सी बटण, १००० चॅनेलची जागा. डिजिटल बाजू डीएमआर पद्धतीची: १२.५ किलोहर्ट्‌झच्या एका चॅनेलवर आळीपाळीने दोन टाइम-स्लॉट, प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचा. अ‍ॅनालॉगही तोच सेट बोलतो, आणि आगीच्या कामासाठी ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची सोय आहे, जरी विक्रेता ती शेवटी सांगत असला तरी.

आजूबाजूचा गोंगाट वाढला की स्पीकरचा आवाज आपोआप वाढतो. पंपाशेजारी उभ्या ऑपरेटरला याचा खरा उपयोग होतो. चॅनेल बदलल्यावर तो बोलून सांगण्याची सोय आहे, ती चालू करून घ्या. धुरात डिस्प्ले कोणी वाचत नाही. नॉब हातमोज्यात फिरतो. कीपॅड हातमोज्यात वापरता येत नाही, त्यामुळे टीममधल्या फायरमनला कीपॅड नसलेलं याच मालिकेतलं मॉडेल दिलं तरी चालतं. कीपॅडचा सेट अधिकाऱ्याकडे असावा.

पाण्याबाबत आयपी६८ दर्जा आहे, म्हणजे सेट पाण्यात पडण्याची चिंता नको; होजच्या थेट, जोराच्या झोताची हमी या दर्जात येत नाही. मात्र बाजूच्या अ‍ॅक्सेसरी जोडणीवरचं रबरी झाकण आणि बॅटरीकडची सीलची पट्टी शाबूत पाहिजे. झाकण पहिल्या काही महिन्यांत हरवतं. सोबत जादा मागवा. आणि आयपी६८ हा पाण्या-धुळीचा दर्जा आहे, उष्णतेचा नाही, हे टीमला स्वच्छ सांगा. सेटचं कामाचं तापमान ६० अंशांपर्यंत दिलेलं आहे. पेटलेल्या खोलीत छातीच्या उंचीवर याच्या कितीतरी पट तापमान असतं. म्हणून सेट कोटाच्या आत, पट्ट्यावर तिरका अडकवायचा आणि रिमोट माइक कॉलरजवळ बाहेर काढायचा. कोटावर बाहेर लटकवलेल्या सेटची माइकची वायर आधी मऊ पडते. मग आतल्या तारा एकमेकींना टेकल्या की सेट आपोआप ट्रान्समिटवर अडकतो आणि सगळा चॅनेल बंद पाडतो.

सॉल्व्हंट, गॅस, रंग यांचं काम असलेल्या प्लांटमध्ये साधं मॉडेल न्यायचंच नाही. त्यासाठी याच घराण्यातलं स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित ‘ईएक्स’ मॉडेल वेगळं येतं. त्याची ट्रान्समिट ताकद मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे रेंजचा हिशोब नव्याने करावा लागतो. साध्या सेटवर बॅटरी बदलून तो ‘ईएक्स’ होत नाही.

चॅनेलची गोष्ट अमेरिकेत आधी घडून गेली आहे

डिजिटल घ्यायचं की नाही, रिपीटर किती, चॅनेल किती, या प्रश्नांची उत्तरं नव्याने शोधायला नकोत. अमेरिकेतली काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिथे काउंटीच्या अग्निशमन विभागांनी सत्तर-ऐंशी वर्षांत चॅनेल किती वेळा बदलले आणि प्रत्येक बदलात काय हातचं गेलं, हे पाहिलं की सेटच्या पेटीवरचा अर्धा मजकूर गळून पडतो.

सुरुवातीला लो-बँड होता, ३३ आणि ४६ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. सगळ्या काउंटीला बहुधा एकच चॅनेल: कॉल देणं, बंब निघाल्याचं सांगणं, आगीच्या जागेवरचं बोलणं, सगळं त्यावरच. ४६ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगाचा अँटेना सुमारे १.६ मीटर लांब होतो, ३३ ला सव्वादोन मीटरच्या पुढे. हे गाडीवर जमतं, हातात नाही. शिवाय सौर डाग वाढलेल्या वर्षांत शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या राज्याचं बोलणं या बँडवर येऊन आदळायचं. पण लो-बँडचा एक गुण होता: तो डोंगर-दऱ्यांत वळून जायचा आणि एका चॅनेलवर सगळ्यांना सगळं ऐकू यायचं.

मग १५४ मेगाहर्ट्‌झचा हाय-बँड आला. पाव तरंग ४९ सेंटिमीटरवर आला, अँटेना आखूड करून हातातला सेट शक्य झाला, आणि पहिल्यांदा आत गेलेला फायरमन बाहेरच्याशी बोलू लागला. १५४.२८० मेगाहर्ट्‌झ हा चॅनेल देशभरातल्या अग्निशमन विभागांचा सामाईक ठरला. शेजारच्या काउंटीतून मदतीला आलेला बंब त्यावर लावला की बोलणं सुरू. त्याचं आजचं नाव व्हीफायर-२१, १५४.२६५ आणि १५४.२९५ हे त्याचे सोबती. आपल्याकडे अशी सोय खासगी टीम आणि महापालिकेचा बंब यांच्यात नाही. त्यावर काय करायचं ते पुढे येईल.

पुढे काम वाढलं तसे चॅनेल फुटले. कॉल देण्याचा वेगळा, आगीच्या जागेवरचा वेगळा. उंच टेकडीवर रिपीटर बसले, यूएचएफ आलं. इथे एक फरक पक्का समजून घ्यायला हवा. रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर मोठ्या ताकदीने पुन्हा सोडतो. काउंटीभर पोचायला तो हवाच. पण तळघरातल्या माणसाचा ५ वॅटचा सेट दहा किलोमीटरवरच्या रिपीटरपर्यंत पोचला नाही, तर दारात उभ्या जोडीदारालाही तो ऐकू येत नाही, दोघांत दहा मीटर अंतर असलं तरी.

८०० मेगाहर्ट्‌झच्या ट्रंकिंगने हा धोका आणखी वाढवला. १९८७ मध्ये अमेरिकेत सार्वजनिक सुरक्षेसाठी या बँडमध्ये खास चॅनेल राखले गेले. ट्रंकिंगमध्ये चॅनेल कोणाचाच नसतो. संगणक मागणीप्रमाणे मोकळी फ्रिक्वेन्सी देतो. पोलीस, फायर, रस्ते विभाग सगळे एका यंत्रणेवर. पैसा आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही वाचतात. पण इमारतीच्या पोटात सेटला त्या संगणकाशी जोडणारा कंट्रोल चॅनेल सापडला नाही की पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबल्यावर नकाराचा आवाज येतो आणि सेट बोलूच देत नाही. शिवाय शेजारच्या मोबाइल सेवेचा व्यत्यय इतका वाढला की २००४ मध्ये या बँडची पूर्ण फेरमांडणी करण्याचा आदेश निघाला, आणि ती पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागली.

पुढचा मोठा बदल नॅरोबँडिंगचा. १ जानेवारी २०१३ पर्यंत १५० ते ४७० मेगाहर्ट्‌झमधले चॅनेल २५ वरून १२.५ किलोहर्ट्‌झवर आणणं सक्तीचं झालं. याच काळात पी२५ हे डिजिटल मानक पसरलं. तिथे जी मुदतीनंतरही अर्धवट राहिलेल्या विभागांची अडचण झाली, तीच जुने-नवे सेट मिसळणाऱ्या प्रत्येक कारखान्यात होते: रुंद चॅनेलवरचा सेट अरुंद चॅनेलवरच्याशी बोलला की मोठा आवाज फाटतो, विशेषतः माणूस ओरडला तर, उलट दिशेने बोललं की आवाज दबलेला, लांबून आल्यासारखा. मग लोक सेट खराब म्हणून दुरुस्तीला पाठवतात. दुरुस्तीची गरज नसते, दोन्ही बाजूंचं प्रोग्रामिंग एकसारखं करायचं असतं.

आणि शेवटी डिजिटल आवाजाचा प्रश्न. डिजिटल सेट तुमचा आवाज जसाच्या तसा पाठवत नाही. आतला व्होकोडर माणसाच्या बोलण्याचं मॉडेल वापरून आवाजाचे आकडे करतो आणि पलीकडचा सेट त्यावरून आवाज पुन्हा बनवतो. बी.ए. सेटची (पाठीवरच्या सिलिंडरच्या श्वसनयंत्राची) हवा संपत आल्याची शिट्टी, चेनसॉ, पंप, न हलणाऱ्या फायरमनच्या पट्ट्यावरचा अलार्म, हे आवाज त्या मॉडेलमध्ये बसत नाहीत. ते माइकमध्ये शिरले की त्यांच्यासोबत बोलणंही चिरडलं जातं. २००८ मध्ये तिथल्या अग्निशमन प्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याच प्रश्नावर कार्यगट बसवला आणि सरकारी प्रयोगशाळेत याच्या चाचण्या झाल्या. त्याआधी, मार्च २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या अग्निशमन विभागाने नवे डिजिटल सेट वापरात आणले आणि एका फायरमनची मदतीची हाक जागेवर ऐकू गेली नाही म्हणून काही दिवसांतच मागे घेतले. नंतर तेच सेट अ‍ॅनालॉग करून परत दिले गेले. फिनिक्स शहराने डिजिटल ट्रंकिंग बसवल्यावरही आगीच्या आतलं बोलणं अ‍ॅनालॉग सिंप्लेक्सवर ठेवलं.

सिंप्लेक्स म्हणजे दोन सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर थेट, मध्ये काही नाही. इतके बदल करून अनेक विभाग आगीच्या दारात पुन्हा इथेच आले. अ‍ॅनालॉगचा आणखी एक गुण कामाचा आहे: सिग्नल कमी होत गेला की खरखर वाढते. आत जाणारा माणूस ती ऐकून सावध होतो, दोन पावलं खिडकीकडे सरकतो. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो, मग दोन शब्द यंत्रासारखे तुटतात आणि एकदम शांतता.

इथे चॅनेल कसे मांडायचे

नॉबवर १६ जागा आहेत. त्यातल्या चारच भरा. पहिली ‘कंट्रोल’, डिजिटल, रिपीटरचा स्लॉट १. दुसरी ‘पाणी’, डिजिटल, स्लॉट २. पंप, टँकर, हायड्रंटचं बोलणं इथे. तिसरी ‘आग १’, अ‍ॅनालॉग सिंप्लेक्स, १२.५ किलोहर्ट्‌झ. चौथी ‘आग २’, तशीच, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर. सगळ्या सेटमध्ये, सगळ्या झोनमध्ये (चॅनेलच्या गटांत), हाच क्रम. एका सेटमध्ये ‘आग १’ तिसऱ्या जागी आणि दुसऱ्यात पाचव्या जागी असेल तर अंधारात नॉब मोजणारा माणूस चुकणार.

दोन स्लॉट म्हणजे दोन स्वतंत्र चॅनेल अशी समजूत विक्रेत्याच्या बोलण्यातून होते. रिपीटर बंद पडला की ‘कंट्रोल’ आणि ‘पाणी’ एकाच क्षणी जातात. म्हणून ‘आग १’ आणि ‘आग २’ त्या रिपीटरशी अजिबात जोडलेले नकोत. इथेच एक फसगत आहे. परवान्यात रिपीटरची फक्त एक जोडी मिळाली असेल तर प्रोग्रामर रिपीटरच्याच आउटपुट फ्रिक्वेन्सीवर ‘टॉक-अराउंड’ (रिपीटर टाळून थेट बोलण्याची सोय) लावून त्याला सिंप्लेक्स म्हणतो. ते चालतं, जोवर रिपीटर गप्प आहे तोवर. कंट्रोल बोलायला लागला की मास्टवरून (रिपीटरच्या अँटेनाच्या खांबावरून) येणारा सिग्नल आतल्या माणसाच्या ५ वॅटवर बसतो. परवान्याच्या अर्जातच वेगळ्या सिंप्लेक्स फ्रिक्वेन्सी मागा.

‘आग’ चॅनेलवर ट्रान्समिटला टोन (बोलण्यासोबत जाणारा ओळखीचा सूर) ठेवा, रिसीव्हला काढून टाका. असं केलं की चुकीच्या टोनवर प्रोग्राम झालेला सेटही सगळ्यांना ऐकू येतो. अधूनमधून बाहेरची खरखर उघडेल. आगीच्या वेळी ती परवडते. स्कॅन, म्हणजे अनेक चॅनेल आळीपाळीने ऐकणं, फायरमनच्या सेटवर बंद. स्कॅन करणारा सेट चॅनेलवर पोचेपर्यंत पहिले एक-दोन शब्द निघून जातात आणि उत्तर कुठल्या चॅनेलवर जाईल याचा भरवसा राहत नाही. अधिकाऱ्याला दोन चॅनेल ऐकायचे असतील तर दोन सेट द्या, एक ‘आग १’ वर आणि एक ‘कंट्रोल’वर.

नारिंगी बटणाकडे बहुतेक ठिकाणी कोणी पाहतच नाही. डिजिटल चॅनेलवर ते सेटचा नंबर कंट्रोलला पाठवतं. अ‍ॅनालॉग चॅनेलवर वेगळं सिग्नलिंग प्रोग्राम केलं नसेल तर काहीच पाठवत नाही. काही जण यावर उपाय म्हणून बटण दाबताच सेट ‘कंट्रोल’वर उडी मारेल असं लावतात. तसं झालं तर अडकलेला माणूस जोडीदाराच्या चॅनेलवरून नाहीसा होतो आणि नेमका पोचत नसलेल्या रिपीटरवर बोलत बसतो. अ‍ॅनालॉगवर सेटचा नंबर पाठवणारं एमडीसी सिग्नलिंग हा सेट देतो. ते ‘आग १’ वरच लावून घ्या, आणि कमांडच्या सेटवर त्याचा नंबर उमटतो का ते दाबून पाहा.

पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबून बोलायचं आणि वाक्य पुरं झाल्यावर अर्धा सेकंद बटण धरून ठेवायचं. रिपीटरवर सुरुवातीचं अक्षर कापलं जातं, घाईत बटण सोडलं की शेवटचं. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे ‘आत जाऊ नका’ मधला ‘नका’ गेला की उरतो तो उलटा हुकूम. म्हणून ‘थांबा’ आधी: ‘थांबा. आत जाऊ नका. थांबा.’ मास्क घातलेल्याने माइक मास्कच्या बोलण्याच्या पडद्यापासून तीन ते पाच सेंटिमीटरवर, किंचित तिरका धरायचा. समोर चिकटवला की श्वासाचा आवाज जास्त आणि शब्द कमी. आकडी कोड वापरू नका. अमेरिकेतही २००६ पासून एकाहून जास्त यंत्रणा एकत्र येतात त्या कामात कोड सोडून साधी भाषा वापरण्याची अट केंद्रीय अनुदानाला जोडली गेली.

मास्ट, केबल, बॅटरी

सेटवर पैसे घालून केबलवर वाचवणं ही सगळ्यात महाग बचत. १५० मेगाहर्ट्‌झला ३० मीटर आरजी-५८ केबलमध्ये सुमारे ६ डेसिबल जातात, म्हणजे रिपीटरच्या २५ वॅटपैकी अँटेनाला सहाच्या आसपास मिळतात. एलएमआर-४०० वापरली तर त्याच लांबीला दीड डेसिबल जातं आणि साडेसतरा वॅट पोचतात. येणाऱ्या सिग्नललाही तेवढाच मार बसतो, आणि हातातला सेट तर मुळातच कमजोर आहे. अँटेनाच्या खालच्या जोडणीवर आपोआप एकजीव होणारी रबर टेप, त्यावर साधी टेप, आणि केबलला खाली एक वळसा देऊन मग आत. नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी केबलमधून रिपीटरपर्यंत उतरतं. व्हीएसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या ताकदीचं माप) १.५ च्या आत आहे हे मीटर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा आणि आकडा रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच आकड्याशी ताडता येतो.

नागपूर सपाट आहे, त्याचा फायदा मिळतो. ३० मीटर मास्ट आणि दीड मीटरवरचा हातातला सेट, यांचं रेडिओ क्षितिज हिशोबाने २७-२८ किलोमीटर येतं. सिव्हिल लाइन्सपासून बुटीबोरी सरळ रेषेत २५ किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे शहरातल्या ऑफिसशी थेट बोलणं कागदावर शक्य. प्रत्यक्षात शहरातल्या इमारती आणि प्लांटचं पत्र्याचं छत यात बरंच संपतं. शहराशी बोलायला फोन ठेवा. रिपीटर प्लांटपुरता चांगला चालवा. दोन हातातले सेट थेट बोलतात ते मोकळ्यावर काही किलोमीटर, इतवारीसारख्या दाट वस्तीत किंवा आरसीसीच्या दोन-तीन मजल्यांतून त्याचा छोटासा भाग. दोन तळघरं असतील तर दाराशी एक माणूस निरोप्या म्हणून उभा करायची सवय ठेवा, किंवा तळघरात लीकी केबल (लांबीभर सिग्नल सोडणारी केबल) टाका.

बॅटरीचे पेटीवरचे तास ५-५-९० या हिशोबाचे असतात: ५ टक्के बोलणं, ५ टक्के ऐकणं, उरलेला वेळ गप्प. आगीत पंप ऑपरेटर आणि कमांड यांचं प्रमाण याच्या कितीतरी पुढे जातं. या दोघांना एकेक जादा चार्ज केलेली बॅटरी हवीच. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की पत्र्याच्या केबिनमध्ये चार्जर लावू नका. लिथियम-आयन बॅटरी त्या तापमानात चार्ज केली की तिची क्षमता झपाट्याने घटते. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर सेट ठेवणंही तितकंच वाईट.

परवाना

५ वॅटचा व्हीएचएफ सेट परवान्याशिवाय ठेवता येत नाही. अर्ज दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर, फ्रिक्वेन्सी त्याच विभागाच्या वायरलेस शाखेकडून. मास्टची जागा आणि उंची यांना वेगळी मंजुरी लागते, आणि सोनेगावचं विमानतळ जवळ असल्याने वर्धा रोड, मिहान पट्ट्यात ती हलक्यात घेऊ नका. २०१८ पासून ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झवरचे अर्धा वॅटपर्यंतचे सेट परवान्यातून मुक्त आहेत. छोट्या सोसायटीला जिने रिकामे करण्याच्या कामाला ते पुरतात, बी.ए. घालून आत जाणाऱ्याला नाही. ऑनलाइन मिळणारे पाच वॅटचे स्वस्त सेट ‘लायसन्सची गरज नाही’ म्हणून विकले जात, त्यावर मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. आता विक्रेत्याने फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची गरज स्पष्ट लिहायची आहे. खरेदी कोणाकडूनही करा, उपकरणाच्या मंजुरीचा कागद आणि प्रोग्रामिंगची फाइल, ज्याला धंद्यात कोडप्लग म्हणतात, पेनड्राइव्हवर ताब्यात घ्या. ऑर्डरमध्येच तसं लिहा. फाइल विक्रेत्याकडे राहिली तर पुढचा प्रत्येक छोटा बदल त्याच्या सोयीने होतो, आणि दुसरा कोणी सुरुवातीपासून प्रोग्राम करायला बसला की चॅनेलचा क्रम हमखास बिघडतो.

स्वीकारण्याआधी आणि नंतर

डिलिव्हरीच्या दिवशी ऑफिसात ‘हॅलो हॅलो’ करून सही देऊ नका. पंप नेहमीच्या दाबावर चालू करा. एकाला बी.ए. घालून जिन्यातून सगळ्यात खोल कोपऱ्यात पाठवा आणि सिलिंडरची शिट्टी वाजू द्या. युरोपीय मानकाप्रमाणे ती साधारण ५५ बारला सुरू होते आणि किमान ९० डेसिबलची असते. त्याने कागदावरचे ठरलेले दहा निरोप वाचायचे: ‘तिसरा मजला, दोन माणसं, उजवा जिना’ असे, अंदाजाने ओळखता येणार नाहीत असे. बाहेरच्याने ऐकलं ते लिहायचं. आधी ‘आग १’ वर, मग तेच डिजिटलवर. दोन्ही कागद शेजारी ठेवले की वाद उरत नाही. मग रिपीटरची वीज काढून तेच पुन्हा: ‘आग १’ वर काहीही फरक पडता कामा नये. पडला, तर तो सिंप्लेक्स नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म ‘बी’ (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) द्यावा लागतो. त्याच आठवड्यात ही चाचणी घ्या. हायड्रंट आणि स्प्रिंकलर तपासणारी एजन्सी वायरलेसकडे पाहत नाही, ते काम टीमच्या प्रमुखाचं. नॅशनल फायर सर्व्हिस कॉलेज १९५७ पासून आपल्याच शहरात आहे आणि तिथून शिकलेले अधिकारी इथल्या अनेक कारखान्यांत आहेत. या चाचणीचा कागद त्यांच्यापैकी कोणाला दाखवला तर काय कमी आहे ते दोन मिनिटांत कळतं.

राहिला महापालिकेचा किंवा एमआयडीसीचा बंब. त्यांच्या फ्रिक्वेन्सी तुमच्या सेटमध्ये भरणं बेकायदा आहे, आणि १५४.२८० सारखा सामाईक चॅनेल इथे नाही. त्यामुळे तुमचा सेट त्यांच्या हातात द्यायचा. गेटवर दोन जादा सेट, पूर्ण चार्ज, नॉब ‘आग १’ वर, कीपॅड लॉक, पाठीवर मोठ्या अक्षरात ‘बंब’. वापर एका ओळीत, मराठी आणि हिंदीत: दाबा, एक सेकंद थांबा, बोला. चार्जर सिक्युरिटीच्या टेबलावर, कपाटात कुलूपबंद नाही. पहिला बंब आत शिरतो तेव्हा एक सेट अधिकाऱ्याला, एक पंप ऑपरेटरला, आणि कोणाला दिला ते गेटच्या रजिस्टरमध्ये. रोजच्या शिफ्टला पहिला निरोप याच दोन सेटवरून कंट्रोलच्या ‘आग १’ सेटला द्यायचा. बॅटरी उतरलेली असेल तर ती तेव्हाच कळते.